कवेलूवरून बाटलीत

आदिलाबादेत आज कोणाच्याही घरी जा, दिवाणखान्यात मनीप्लांट असतोच. टीव्हीमागून निघून पडद्याच्या दांडीवर चढलेला, नाहीतर फ्रिजवरच्या बाटलीतून खाली लोंबणारा. भुक्तापूर असो की तिरपेल्ली, घरात मराठी बोलत असोत, तेलुगू की उर्दू, वेल तोच. लोक त्याला फॅशन म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या जिल्ह्यात वेल घरात आला तो छप्पर बदललं म्हणून. माझं लहानपण वेल छपरावर असलेल्या घरात गेलं, म्हातारपण वेल बाटलीत असलेल्या घरात चाललंय, आणि मधली सगळी वर्षं मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांमध्ये बदल्या घेत याच भागात फिरले. त्यामुळे हा बदल मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

माझं माहेर बेल्याकडचं. पैनगंगा ओलांडली की पलीकडे महाराष्ट्र. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. मृग लागला की आई सांदवाडीच्या कडेनं आळी करायची आणि दुधी, दोडका, वाल, कोहळं यांच्या बिया टोकायची. वेल हातभर झाला की त्याला पऱ्हाटीचा नाहीतर तुराटीचा आधार द्यायचा आणि शेंडा वळचणीला टेकवायचा. पुढचं काम वेलाचं. श्रावणात अर्धं छप्पर हिरवं व्हायचं. दोडके काढायला पोरांना वर चढवत, कारण मोठ्या माणसाच्या वजनानं कवेलू फुटतं. वानरांना हा नियम माहीत नव्हता. दुधीसाठी टोळी येऊन गेली की चार-दोन कवेलू गेलेच, आणि पुढच्या सरीला त्या जागेखाली घरात पातेलं ठेवायचं.

या वेलांना मुदत मात्र ठरलेली. कवेलूचं घर दर उन्हाळ्यात फेरावं लागतं. सगळी कवेलू उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, पालापाचोळा झाडायचा आणि पुन्हा ओळीनं रचायची. म्हणजे तोवर छपरावर काही उरून चालत नाही. संक्रांतीनंतर वेल वाळले की ते ओढून काढायचे आणि चुलीत घालायचे. आमच्या छपरांवर वर्षभरात उगवून मरणारे वेल तेवढे दिसायचे, याचं कारण हे. बारमाही वेलाला कवेलूच्या घरात जागाच नव्हती.

उटनूर, जैनूरकडच्या गोंड गावांत दुधीचा वेल नुसता भाजीपुरता नसे. फळ वेलावरच जून होऊ द्यायचं, गर काढून वाळवायचं, की पाण्याचं भांडं तयार. शेतावर खांद्याला अडकवून नेलेल्या तुंब्यातलं पाणी मी प्यालेली आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीतल्या पाण्याला ती चव नाही. वेल म्हणजे काहीतरी देणारी वस्तू, असा तो हिशोब होता. ज्याचं पान खाता येत नाही, फूल देवाला वाहता येत नाही आणि फळ लागतच नाही असा वेल कोणी घरात आणून ठेवला असता, तर आमच्या आजीनं त्याला शेळीपुढे टाकला असता. (शेळीनंही तोंड लावलं नसतं. त्याचं कारण पुढे येईलच.)

बारमाही वेलांत घराच्या सगळ्यात जवळ पोचली होती ती नागवेल. पानमळ्यातली नव्हे, न्हाणीजवळची. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात नागवेल उघड्यावर जगत नाही. पण न्हाणीचं पाणी जिथून वाहतं तिथे शेवगा किंवा हदगा असला, त्याची विरळ सावली असली आणि पाठीशी भिंत असली, तर ती तग धरते. माझ्या चुलतआजीच्या घरी अशी एक होती. पानं लहान आणि तिखट. विड्याला बाजारातलीच पानं आणत, पण सत्यनारायणाला घरची पाच पानं तोडली की आजीचा चेहरा फुलायचा.

नागवेलीचं खरं शास्त्र पानमळे करणाऱ्या बारी लोकांकडे. वऱ्हाडात अंजनगाव सुर्जी, तिकडे रामटेक, हे त्यांचे जुने मुलूख. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात बारी, म्हणजे त्यांच्या लेखी बरई, यांची एक कथा दिली आहे. महाभारताचं युद्ध संपल्यावर पांडवांना विडा हवा झाला, पण पृथ्वीवर पान कुठेच नव्हतं. म्हणून पाताळात वासुकीकडे माणूस पाठवला. नागांच्या राणीनं आपल्या करंगळीचं पेर कापून दिलं, ते जमिनीत पुरलं आणि त्यातून वेल उगवली. नागपंचमीला बारी नागाची पूजा करतात ती यासाठी. मला या कथेतलं ते पेर फार नेमकं वाटतं. पानवेल बियांपासून कोणी लावत नाही. पेर कापायचं आणि मातीत पुरायचं, एवढीच तिची लागवड. कथा रचणारा कोणीतरी मळ्यात हात घातलेला माणूस असणार.

माझी मावसबहीण अंजनगावला दिली होती. तिच्याकडे मी पानवेलींची उतरण पाहिली, आणि आज मनीप्लांट सांभाळताना माझ्या हातात जे काही आहे ते त्या दिवसाचं आहे. वेल वर्षभर शेवरीवर, पांगाऱ्यावर चढत राहते. चढता चढता तिची खालची पानं खुडली जातात, बुंधा उघडा पडतो, आणि हिरवं सगळं वर, हाताला न लागेल अशा उंचीवर. मग वर्षातून एकदा ती आधारावरून सोडवून खाली घ्यायची. खालच्या उघड्या भागाचं वेटोळं करून बुंध्याशी मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा आधाराला बांधायचा. पुरलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि म्हातारी वेल पुन्हा तरणी होते. बांधायला सुतळी वापरत नव्हते, देठ कापला जातो म्हणून. लव्हाळ्याची मऊ पाती घेत. बहिणीचे सासरे हे काम अनवाणी करत होते, आणि मलाही चपला बाहेर काढायला लावल्या होत्या.

नागवेल सोडली तर बारमाही वेल म्हणजे शोभेचे. 1905 पर्यंत हा सगळा मुलूख सिरपूर-तांडूर म्हणून ओळखला जाई, आदिलाबाद जिल्हा त्या वर्षी झाला. कचेऱ्या आल्या, हाकिम आले, वकील आले, आणि बंगल्यांच्या दारात जाई, जुई, मधुमालतीचे मांडव आले. कृष्णकमळही त्यातलंच. त्याचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं. तिथे स्पॅनिश पाद्र्यांना त्या फुलात येशूचा काटेरी मुकुट आणि खिळे दिसले. आपल्याकडे आलं तेव्हा आपण त्याच फुलात शंभर कौरव मोजले आणि पाच पांडव. पण हे वेल दारापर्यंत. आत कोणी आलं नाही. त्यांना ऊन लागतं, आणि आमच्या जुन्या घरांच्या खिडक्या हातभर रुंद. आत दिवसाही काळोख.

छप्पर बदललं ते ऐंशीच्या दशकात. त्याआधी सिमेंट परमिटवर मिळायचं. लग्नाला साखर आणि घराला सिमेंट, दोन्हींसाठी तहसीलदाराच्या दारात उभं राहावं लागे. 1982 साली सरकारनं सिमेंटवरचं नियंत्रण सैल केलं, 1989 साली पूर्ण उठवलं. त्यात आदिलाबादला सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखानाच आला. तो पुढे नव्वदच्या दशकात बंद पडला, ते दुखणं वेगळं. पण दरम्यान कापसाचा पैसा ज्याच्याकडे आला त्यानं पहिलं काम केलं ते कवेलू उतरवून स्लॅब टाकण्याचं. माझ्या भावानंही तेच केलं. घर फेरायचा त्रास संपला, वानरांची भीती संपली, पाणी गळायचं थांबलं. आणि आईचा दुधी बेघर झाला. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबवर हात ठेववत नाही, तिथे वेलाची कोवळी टोकं कशी टिकणार? पहिल्या वर्षी आईनं सवयीनं शेंडा वर टेकवला. ऑक्टोबरच्या उन्हातच तो करपून काळा झाला. सांदवाडीत पुढे संडास-बाथरूम बांधलं, म्हणजे आळ्याची जागाही गेली.

पण स्लॅबच्या घराला मोठ्या खिडक्या आल्या, पांढऱ्या भिंती आल्या, आणि आत प्रथमच एवढा उजेड आला की एखादं झाड जगू शकेल. ऊन नाही, नुसता उजेड. अशा उजेडात राहणारा आणि बाराही महिने पान धरणारा वेल हवा होता. तो बाजारात नव्हता, शेजारणीकडे होता. माझ्याकडे पहिला मनीप्लांट आला तो किनवटहून. 1956 साली भाषावार राज्यं झाली तेव्हा किनवट तालुका आदिलाबादमधून काढून नांदेडला जोडला, राजुराही गेला. आम्ही इकडे, अर्धे नातेवाईक तिकडे. मुदखेड-आदिलाबाद लाईन तेव्हा मीटरगेज होती. माझी नणंद त्या छोट्या गाडीनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी घेऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, याले काही लागत नाही. पाण्यात ठेवा अन् इसरून जा."

इसरून जा, हे तेवढं खरं नाही. पण त्याकडे वळण्याआधी हा पाहुणा कुठला ते सांगते. मूळ घर प्रशांत महासागरातलं मोरेआ नावाचं बेट, ताहितीच्या शेजारचं. 1880 साली बेल्जियममध्ये लिंडन आणि आंद्रे यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि तेही त्याला सॉलोमन बेटांचा समजून. त्यानंतर त्याचं नाव इतक्यांदा बदललं की वनस्पतिशास्त्रज्ञांनाच त्याचं गोत्र लागत नव्हतं. कारण साधं आहे, गोत्र फुलावरून ठरतं आणि हा फुलतच नाही. 1962 साली एक फुलला तेव्हा नाव बदललं, 1964 साली पुन्हा बदललं आणि एपिप्रेम्नम ऑरियम झालं. फुलत का नाही, याचा उलगडा 2016 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी केला. फूल धरायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला स्वतःला पुरेसं तयारच करता येत नाही. बाहेरून फवारलं तर फुलतो. म्हणजे बी नाहीच. जगभरातल्या घरांत जो लोंबतोय तो फांदीवरून फांदी, हातातून हातात गेलेला. आमच्या न्हाणीजवळच्या नागवेलीसारखाच, फक्त याला करंगळी देणारी राणी मिळाली नाही.

कुळ मात्र आपल्या ओळखीचं निघालं, अळूचं आणि सुरणाचं. पान उलटं धरून देठाशी पाहा, अळूची आठवण येते. घशाला खाज आणणारे सुईसारखे स्फटिक यातही आहेत, म्हणून गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. रांगतं मूल असलेल्या घरात बाटली उंचावर ठेवा, असं मी शाळेतल्या प्रत्येक नव्या बाईंना सांगत आले. पानावर पातोडी करून पाहणारे कोणी निघाले नाहीत हे नशीब.

बाटलीत झाड वाढवण्याची गोष्टही एका बाटलीतूनच सुरू होते. 1829 साली लंडनमधल्या नथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोश पाहायला ओल्या मातीसकट बंद बरणीत ठेवला. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीतून नेचा उगवला. लंडनच्या धुरात बागेत न जगणारा नेचा बरणीत जगला. त्यावरून त्यानं काचेच्या पेट्या केल्या आणि 1833 साली त्या जहाजावरून सिडनीला पाठवल्या. झाडं जिवंत पोचली. चीनमधून हिमालयात चहाची रोपं आली ती अशाच पेट्यांतून. श्रीमंतांच्या काचघरांत जगभरचे वेल भरले तेही त्यानंतर.

आमच्या बाटलीचं कारण वेगळं, आमची काळी माती. कापसाला ती सोनं आहे, कुंडीला शाप. पाणी घातलं की फुगते, मुळांना हवा मिळत नाही, वेल सडतो. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. ज्यांनी ज्यांनी शेतातली माती आणून मनीप्लांट लावला त्यांचे पावसाळ्यात गेले. पैनगंगेची रेती निम्मी आणि कुजलेलं शेणखत मिसळलं तर जमतं, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाणी बरं, असं गावानं आपलं आपण ठरवलं.

फांदी कापायची ती पेराखाली, तिरपी. पेरावर तपकिरी रंगाची बारीक गाठ दिसते, ती मुळी. ती पाण्यात बुडली पाहिजे आणि पान मात्र पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. बुडालेलं पान कुजतं आणि बाटलीला वास येतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरावं. बोअरचं पाणी जड, त्यानं बाटलीच्या काचेवर पांढरा थर बसतो. आठवड्याला पाणी बदलायचं. पांढऱ्या बाटलीत उजेडानं शेवाळ धरतं, तपकिरी बाटलीत धरत नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली लहान पडते. आणि तपकिरी रंगाची मोठी बाटली कशाची असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या एका सहकारी बाई नवऱ्याच्या मित्राकडून रिकाम्या बाटल्या मागवत, लेबल भिजवून काढत आणि वर क्रोशाचं कव्हर घालत. साहेब तपासणीला आले की त्या बाटलीचं कौतुक करून जात.

खताचा मोह आवरावा. कापूसवाल्याच्या घरात युरियाचं पोतं असतंच, आणि चिमूटभर टाकून पाहावंसं वाटतंच. बाटलीतल्या मुळ्या चिमटीनंही जळतात. पऱ्हाटीचा भारा घरात वेलाजवळ ठेवू नये, तिच्यावरचा पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत येऊन बसतो. बसलाच तर ओल्या कापसानं पुसून काढायचा.

आमच्याकडे त्याचे दोन वैरी, मे आणि जानेवारी. मे महिन्यात त्याला वाचवतो तो कूलर. पूर्वी बंगल्यांत वाळ्याच्या ताट्या दाराला लावून पाणी मारत, तेच काम पुढे पत्र्याच्या पेटीनं आणि पंख्यानं केलं. कूलरचा ओलसर वारा ज्या भिंतीवर जातो त्या भिंतीचा मनीप्लांट भर उन्हाळ्यात नवं पान काढतो. थेट झोतात ठेवला तर पानं फाटतात, जरा बाजूला हवा. एसीच्या खोलीत तोच वेल कडांनी वाळतो. जानेवारीचं बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी आमच्या जिल्ह्यात पडते. खिडकीला टेकलेली पानं एका रात्रीत उकडल्यासारखी काळपट आणि लिबलिबीत होतात. संक्रांतीपर्यंत बाटली खिडकीपासून आत.

वेल घरात आला म्हटल्यावर त्याचं शास्त्रही तयार झालं. कोणत्याही व्रतात नाही, पोथीत नाही, तरी सगळ्यांना पाठ. चोरून आणला तर लाभतो. आग्नेयेला ठेवावा. जमिनीकडे लोंबू देऊ नये, पैसा खाली जातो. चोरीचा फायदा चोराला होत असेल, पण ज्या ओट्यावरून कापतात तिथला वेल छाटल्यानं दाट होतो हे मी पाहिलंय. आणि लोंबू न देण्यात तथ्य निघालं. हा मुळात झाडावर चढणारा वेल. लोंबत ठेवला तर पान दर पेराला लहान होत जातं, आधाराला चढवला तर मोठं होतं. चांगल्या ओलसर मुलखात आंब्यावर चढला की पान सुपाएवढं होऊन फाटतं, तो मनीप्लांटच आहे हे ओळखूही येत नाही. वास्तूवाल्यांच्या धाकानं लोक दोरा बांधून त्याला भिंतीवर चढवतात ते म्हणूनच मला चालतं. उघडा पडलेला बुंधा मात्र कोणी दुरुस्त करत नाही. तिथे मी अंजनगावची उतरण करते. कुंडीतला वेल सोडवायचा, वेटोळं मातीवर बसवायचं, वर दोन बोटं रेती-खत आणि शेंडा पुन्हा काठीला. पावसाळ्याच्या तोंडावर केलं की दिवाळीपर्यंत कुंडी भरते.

आता फांदी मागायला येणारे कमी झाले. हायवेला कडियमच्या नर्सऱ्यांचे टेम्पो लागतात. गोदावरीकाठचं राजमंड्रीजवळचं हे गाव, अख्खं नर्सऱ्यांचं. कोकोपीट भरलेली लोंबती कुंडी, त्यात दाट वेल, आणि विकणारा पोरगा सांगतो, "अम्मा, ये हवा साफ करता, नासा बोला." नासाचा अभ्यास 1989 चा, बंद पेटीतला. 2019 साली दोन अमेरिकन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. खिडक्या उघड्या ठेवून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. मी पोराला काही बोलले नाही, त्याचा धंदा आहे.

त्याच टेम्पोवरून मी 'मंजुला' घेतला. रुंद पान, त्यावर दुधी रंगाचे फराटे. ही जात आशिष हंसोटी या भारतीय माणसानं शोधलेली, आणि तिच्यावर अमेरिकेत पेटंट आहे. तिकडे परवानगीशिवाय फांदी लावून रोप करणं बेकायदा. चोरून आणल्याशिवाय लाभत नाही म्हणतात त्या वेलाचं हे असं झालं. ते पेटंट अमेरिकेपुरतं, म्हणून शेजारच्या अक्कांनी आठवड्याभरातच "टीचरम्मा, एक तुकडा द्या ना" म्हणून हात पुढे केला. देणारच आहे. पण पांढऱ्या पानात हरितद्रव्य कमी, तो हिरव्यापेक्षा हळू वाढतो, आणि एप्रिलमध्ये कापलेली फांदी आमच्या हवेत मुळं धरत नाही. दोन पाऊस पडू द्या, मग या, असं सांगितलंय. येताना तपकिरी बाटली घेऊन या म्हटलं.